अंडे डावीकडचे की उजवीकडचे?

भोर किंवा वेल्हे परिसरातल्या कोणत्याही वाडीवर गेलात तरी पडवीत नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्यांचे खुराडे दिसतेच. खुडूक झालेल्या कोंबडीखाली किती अंडी ठेवायची, पिल्ले किती दिवसांनी बाहेर पडतात, हे तिथल्या सातवी-आठवीतल्या मुलामुलींना पुस्तक न वाचताही ठाऊक असते. गावच्या यात्रेला किंवा पाहुणा आल्यावर कोंबडी कापली जाते, तेव्हा अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या पोटात मोहरीपासून लिंबापर्यंत लहानमोठ्या आकाराच्या पिवळ्या बलकांचा घोस निघतो, हेही त्यांनी पाहिलेले असते. अशा मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा : हा घोस कोंबडीच्या डाव्या बाजूला असतो, उजव्या बाजूला असतो, की दोन्ही बाजूंना?

बहुतेक मुले 'दोन्ही बाजूंना' असे सांगतील. डोळे दोन, कान दोन, मूत्रपिंडे दोन, तेव्हा अंडाशयही दोन असणार, हा अंदाज तसा सयुक्तिकच आहे. पण कोंबडीत काम करणारा अंडाशय एकच असतो आणि तो डाव्या बाजूचा. त्याला जोडलेली अंडनलिकाही डावीच. उजवीकडे उरतो तो केवळ एक लहानसा अवशेष.

आता दुसरा प्रश्न. अंडी घालणारे सस्तन प्राणी जगात आहेत. त्यांच्यात काय असते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांचा जवळजवळ शतकभर कसा गोंधळ झाला, आणि त्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा पुढे आपल्या महाराष्ट्रात, नागपूरला, कसा हाती लागला, याची हकीगत या लेखात पाहू.

आरवणारी कोंबडी

सुरुवात खुराड्यापासूनच करू. अंड्यात वाढणाऱ्या कोंबडीच्या गर्भात प्रथम दोन्ही बाजूंना जननग्रंथींचे अंकुर सारखेच दिसतात. पुढे मादीच्या गर्भात डावा अंकुर वाढत राहतो आणि उजवा मागे पडतो. गर्भाच्या डाव्या बाजूला पिट्क्स-२ नावाचे एक जनुक कार्यरत असते. डाव्या जननग्रंथीच्या वाढीला त्याची गरज असते, असे २००७-०८ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसून आले. हृदयाचे आणि आतड्याचे डावे-उजवे ठरवण्यातही हेच जनुक भाग घेते. म्हणजे बाहेरून डावी-उजवी बाजू सारखी दिसणाऱ्या शरीरात आतून 'हे डावे' अशी एक खूण फार लवकर केलेली असते. अवयव त्या खुणेचा आपापल्या परीने उपयोग करून घेतात.

पुढचे काम डाव्या बाजूचे. पिकलेला बलक डाव्या अंडनलिकेत उतरतो. तिथे त्याच्याभोवती पांढरा भाग, मग पापुद्रे आणि शेवटी कवच चढते. या प्रवासाला साधारण २५ तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे २० तास एकट्या कवचालाच लागतात.

मग उजवीकडच्या अवशेषाचे काय? तो अगदी मृत नसतो. रोगामुळे डावा अंडाशय निकामी झाला, तर उजवा अवशेष वाढू लागतो. पण वाढून तो अंडाशय होतोच असे नाही. पुष्कळदा तो नराच्या वृषणासारखा होतो. मग कोंबडीचा तुरा मोठा होतो, पिसारा बदलतो आणि एखाद्या पहाटे ती चक्क आरवते. आरवणारी कोंबडी अशुभ समजून ती कापून टाकण्याची रीत आपल्या खेड्यांत आहे. परदेशातही हा समज काही निराळा नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १४७४ साली अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळले होते. घरावर संकट येणार म्हणून कोंबडी आरवत नाही. संकट तिच्या डाव्या अंडाशयावर आलेले असते. एवढी एक गोष्ट मुलांनी घरी जाऊन सांगितली तरी जीवशास्त्राच्या तासाचे सार्थक झाले म्हणायचे.

जरायुज की अंडज?

आपल्या जुन्या ग्रंथांत प्राण्यांचे जरायुज, अंडज असे वर्ग सांगितले आहेत. वार असलेल्या गर्भातून जन्मणारे ते जरायुज, अंड्यातून जन्मणारे ते अंडज. युरोपातली विभागणीही साधारण अशीच होती : केस आणि दूध असलेले प्राणी पिल्लांना जन्म देतात, पक्षी आणि सरपटणारे प्राणी अंडी घालतात. या दोहोंच्या मधला एक प्रकार मात्र माहीत होता. नाग आणि धामण अंडी घालतात, पण घोणस पिल्ले देते; तिची अंडी पोटातच वाढतात आणि पिल्ले बाहेर येतात. सह्याद्रीतल्या शेतकऱ्याला हे अनुभवाने माहीत असते.

या नीटस विभागणीवर १७९८ साली एक संकट येऊन आदळले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीचा गव्हर्नर जॉन हंटर याने एका प्राण्याचे कातडे इंग्लंडला पाठवले. अंगावर दाट मऊ केस, पायांना बदकासारखे पडदे, शेपूट चपटे आणि तोंडाच्या जागी बदकाची चोच! ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉ याने १७९९ मध्ये त्याचे वर्णन छापले. पण कोणीतरी चोच शिवून आपली थट्टा तर केली नाही ना, ही शंका त्यालाही आली. टाके सापडतात का ते पाहण्यासाठी त्याने कातड्याला कात्री लावली, असे सांगतात. हा प्राणी म्हणजे प्लॅटिपस.

त्याचा एक भाऊबंद आधीच माहीत झालेला होता. तो एकिडना. आपल्याकडच्या प्राण्यांवरून त्याची कल्पना द्यायची तर अंगावर साळिंदरासारखे काटे, खवले मांजरासारखी लांब चिकट जीभ, दात नाहीत, आणि खाणे मुंग्या-वाळव्यांचे. साळिंदर आणि खवले मांजर हे दोघेही पिल्लांना जन्म देतात आणि त्यांचे एकिडनाशी जवळचे नाते नाही. सारखे काम करणारे अवयव सारखे दिसू शकतात. त्यावरून नाते सिद्ध होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

लंडनच्या एव्हरार्ड होम याने १८०२ मध्ये या प्राण्यांचे विच्छेदन केले. मल, मूत्र आणि संतती या सर्वांना बाहेर पडायला एकच मार्ग होता. पक्ष्यांत असतो तसा हा अवस्कर. यावरूनच फ्रान्सच्या एटियेन जोफ्र्वा सेंट-इलेर याने १८०३ मध्ये या गटाला 'मोनोट्रीम', म्हणजे एकछिद्री, असे नाव दिले. स्तनाग्रे मात्र कुठेच दिसेनात. जोफ्र्वा म्हणू लागला की हे प्राणी अंडी घालत असले पाहिजेत आणि त्यामुळे ते सस्तन असूच शकत नाहीत. १८२४ मध्ये जर्मनीच्या योहान मेकेल याने मादीच्या पोटाच्या कातडीखाली दूधग्रंथी दाखवल्या. जोफ्र्वाला ते पटले नाही. या ग्रंथी दुधाच्या नाहीतच, असे तो म्हणत राहिला. पुढे इंग्लंडचा नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन वादात उतरला. त्याचे मत असे, की ग्रंथी दुधाच्याच आहेत, प्राणी सस्तनच आहे, आणि म्हणून तो अंडी घालणार नाही. फार तर घोणसीप्रमाणे त्याची अंडी पोटात फुटत असतील.

गंमत पाहा. दोघेही एकमेकांविरुद्ध बोलत होते, पण दोघांचेही मूळ गृहीतक एकच होते : दूध आणि अंडे एकाच प्राण्यात असूच शकत नाहीत!

एका पत्रातल्या दोन गोष्टी

या वादाचे उत्तर ज्यांना माहीत होते त्यांना कोणी फारसे विचारले नाही. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी हजारो वर्षे या प्राण्यांच्या शेजारी राहत होते. १८२२ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात पॅट्रिक हिल या डॉक्टरचे एक पत्र छापले गेले. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, हिलने चिरलेल्या मादीच्या डाव्या अंडाशयात त्याला लहान वाटाण्याएवढा पिवळा गोळा सापडला. दुसरी, कूकूगाँग नावाच्या एका आदिवासी प्रमुखाने त्याला सांगितले की हा प्राणी दोन अंडी घालतो, हे आमच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी असतात.

आज आपल्याला माहीत आहे की प्लॅटिपस बहुधा दोनच अंडी घालतो. अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरेच लहान, सुमारे १७ मिलिमीटरचे असते आणि त्याचे कवच मऊ, चिवट असते. म्हणजे आकाराची तुलना बरोबर नव्हती, पण अंडी घालणे आणि अंड्यांची संख्या या दोन्ही गोष्टी तंतोतंत बरोबर होत्या. असे असूनही ही साक्ष पुरावा म्हणून कोणी स्वीकारली नाही.

१८६४ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातल्या जॉन निकल्सन नावाच्या डॉक्टरने ओवेनला कळवले, की पकडून बांधून ठेवलेल्या एका प्लॅटिपसने दोन मऊ पांढरी अंडी घातली. ओवेनने त्याचा अर्थ लावला तो असा, की भीतीमुळे मादीचा गर्भपात झाला असावा.

शेवटी १८८४ साल उजाडले. केंब्रिजचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेल क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीकाठी तळ ठोकून होता. ऑगस्टमध्ये त्याने एक मादी मारली. तिने एक अंडे घातलेले होते आणि दुसरे गर्भाशयाच्या तोंडाशी होते. त्याने २९ ऑगस्टला तार धाडली आणि २ सप्टेंबरला ती कॅनडातल्या माँट्रियल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वाचली गेली. तारेत चारच शब्द होते. त्यांचा आशय असा, की मोनोट्रीम अंडी घालतात आणि त्यांच्या अंड्याचे विभाजन पक्ष्यांच्या अंड्याप्रमाणे बलकाच्या एका टोकालाच होते. योगायोग असा, की त्याच दिवशी अ‍ॅडलेड येथे विल्हेल्म हाके याने एकिडनाच्या पोटावरच्या पिशवीत सापडलेले अंड्याचे कवच तिथल्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले.

कॉल्डवेलच्या यशामागे सुमारे दीडशे आदिवासी स्त्री-पुरुषांचे श्रम होते. झाडीत एकिडना शोधून काढणे युरोपीय माणसाला जमत नव्हते. त्यांनी त्याला हजाराहून जास्त एकिडना आणून दिले. एका मादीला अर्धा क्राऊन मिळे. पण पीठ, चहा आणि साखर तळावर कॉल्डवेलच विकत असे. एकिडना जास्त येऊ लागले की तो मालाचा भाव वाढवी. मिळालेले पैसे लोकांच्या हाती उरू नयेत आणि ते भुकेपोटी पुन्हा शिकारीला जावेत, हा त्यामागचा हिशेब होता. त्याने ही गोष्ट लपवलीही नाही. विज्ञानाच्या इतिहासात ही बाजूही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. ज्यांचे म्हणणे साठ वर्षांपूर्वी पुरावा म्हणून चालले नाही, त्यांच्याच कष्टांवर अखेर पुरावा उभा राहिला.

डावीकडचा पेच

अंड्याचा वाद मिटला, पण त्यातून दुसरा प्रश्न वर आला. प्लॅटिपसच्या मादीत डावा अंडाशय मोठा आणि कामाचा, तर उजवा लहान आणि निकामी असतो. अगदी कोंबडीसारखा! अंडे, अवस्कर, चोच, आणि वर डावा अंडाशय. मग प्लॅटिपस हा पक्षी आणि सस्तन यांच्यामधला दुवाच नव्हे काय? ही कल्पना मोहक आहे. आजही पुष्कळ मुलांच्या, आणि मोठ्यांच्याही, मनात ती असते.

ही कल्पना तपासायची कशी? पहिली पायरी म्हणजे प्लॅटिपसच्या भाऊबंदाकडे पाहणे. एकिडनाचे दोन्ही अंडाशय काम करतात. अंडे तर तो एका वेळी बहुधा एकच घालतो, तरीही दोन्ही बाजू शाबूत आहेत. एका बाजूचा अंडाशय हा जर पक्ष्यांकडून मिळालेला वारसा असता, तर तो दोघांतही दिसायला हवा होता.

दुसरी पायरी म्हणजे वंशावळ. पक्षी ज्या शाखेत पुढे निर्माण झाले ती सरीसृपांची शाखा आणि सस्तनांची शाखा एकमेकींपासून ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी अलग झाल्या. पक्ष्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे मगरी-सुसरी. त्यांना दोन्ही अंडाशय कामाचे असतात. तेव्हा कोंबडीचे एकांगीपण पक्ष्यांच्या शाखेत पुढे केव्हातरी आले आणि प्लॅटिपसचे त्याच्या शाखेत स्वतंत्रपणे आले. चोचीचीही तीच गोष्ट. प्लॅटिपसची चोच पक्ष्यासारखी शिंगाची नसते. ती मऊ कातडीची असून, पाण्यातल्या किड्यांच्या स्नायूंमधून येणारे अत्यंत क्षीण विद्युत्संकेत ती टिपते, असे १९८६ मध्ये दिसून आले. हे म्हणजे खवले मांजर आणि एकिडना यांच्यासारखेच झाले.

पण एक शंका उरते. दोनदा स्वतंत्रपणे आले असेल, तर दोन्ही वेळा डावीच बाजू का? डाव्या बाजूत काही खास आहे काय? या प्रश्नाला दोनच उदाहरणे पुरत नाहीत. नाणे दोनदा उडवले आणि दोन्ही वेळा छापा पडला, यावरून नाणे खोटे ठरत नाही. आणखी उदाहरणे हवीत. ती सापडली वटवाघळांत.

नागपूरची वटवाघळे

राजगड-तोरण्याच्या परिसरातल्या गुहांत, पडक्या वाड्यांत, जुन्या देवळांच्या गाभाऱ्यांत वटवाघळे असतात. लोक त्यांना सहसा हाकलून लावतात. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, मात्र काही प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर आयुष्य घालवले. प्रा. एम. ए. मोघे यांनी फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाच्या गर्भवाढीचा अभ्यास केला. प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कीटकभक्षी वटवाघळांच्या भ्रूणविज्ञानावर एक दीर्घ लेखमालाच प्रसिद्ध केली. पुढची काही दशके ते आणि त्यांचे विद्यार्थी हे काम करत राहिले. वटवाघळांच्या प्रजननाविषयी जगात कुठेही लिहायचे झाले तर नागपूरच्या या कामाचा उल्लेख टाळता येत नाही.

या कामाची पद्धत दिसायला अगदी साधी. वर्षभर, ठरावीक अंतराने, एकाच जातीच्या माद्या मिळवायच्या. अंडाशय आणि गर्भाशय यांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. आणि प्रत्येक मादीची नोंद करायची. वटवाघळांच्या गर्भाशयाला डावी आणि उजवी अशा दोन शाखा असतात. तेव्हा अंडपेशी कोणत्या बाजूच्या अंडाशयातून सुटली आणि गर्भ कोणत्या शाखेत वाढतो आहे, याचीही नोंद आपोआप होते.

या नोंदींतून जे चित्र उभे राहिले ते थक्क करणारे आहे. तपकिरी नालनाक्या वटवाघळात, म्हणजे ऱ्हायनोलोफस रूक्सी या सह्याद्रीत आढळणाऱ्या जातीत, गर्भ जवळजवळ नेहमी उजवीकडे असतो. मोठ्या कानांच्या, बेडूक-उंदीर खाणाऱ्या मेगाडर्मा लायरा या जातीत डावी बाजू काम करते. टॅफोझोअस लाँगिमानस वर्षात एकाहून अधिक वेळा वितो आणि त्याच्या मादीत एकदा एक बाजू, पुढच्या वेळी दुसरी, अशी पाळी लावलेली असते. घरांच्या वळचणीला राहणाऱ्या पिवळ्या वटवाघळाला बहुधा जुळी होतात आणि त्याला दोन्ही शाखा लागतात. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे लांब बोटांचे मिनिओप्टेरस. भोरच्या दक्षिणेला, रायरेश्वर ओलांडून वाईच्या पुढे महाबळेश्वर आहे. तिथल्या रॉबर्स केव्ह या गुहेत ही वटवाघळे मोठ्या संख्येने राहतात. या जातीत अंडपेशी सुटते डाव्या अंडाशयातून आणि गर्भ वाढतो उजव्या शाखेत!

एकाच गटात, एकाच देशात, डावे, उजवे, आलटून-पालटून, दोन्ही, आणि डावीकडून उजवीकडे असे सगळे प्रकार सापडले. इतर सस्तनांतही उदाहरणे आहेतच. अँडीज पर्वतातल्या व्हिस्काचा या कृंतक प्राण्यात उजवा अंडाशय काम करतो. शस्त्रक्रियेने तो काढून टाकला, तर मात्र निवांत बसलेला डावा कामाला लागतो. उंटिणीचे दोन्ही अंडाशय काम करतात, पण गर्भ जवळजवळ नेहमी डाव्या शाखेतच वाढतो.

या सर्वांचा अर्थ काय? शरीरात डावे-उजवे अशी खूण असणे हा सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांचा समाईक वारसा आहे. त्या खुणेचा वापर करून एखादी बाजू मागे ठेवणे ही गोष्ट मात्र वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे घडली. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. प्लॅटिपसचा डावा अंडाशय पक्ष्यांशी नाते सांगत नाही. फार तर तो एवढेच सांगतो, की समान पाया असलेल्या शरीरांत सारखे बदल पुन्हा पुन्हा होऊ शकतात.

'का?' या प्रश्नाची सोपी उत्तरेही या तपासणीत टिकत नाहीत. पक्ष्यांबाबत सांगितले जाते, की उडताना वजन कमी हवे म्हणून एक अंडाशय गेला. पण प्लॅटिपस उडत नाही, पोहतो. आणि पिवळे वटवाघूळ उडते, तरी दोन्ही बाजू वापरते. दुसरे स्पष्टीकरण असे, की कवचाची दोन अंडी शेजारी-शेजारी आली तर फुटतील. पण मगरीची अंडीही कडक कवचाची असतात आणि प्लॅटिपसची मऊ असतात. किवी पक्ष्यात आणि कित्येक शिकारी पक्ष्यांत दोन्ही अंडाशय वाढलेले असतात. एका उदाहरणावर बेतलेले कारण दुसऱ्या उदाहरणापुढे कोसळते. शिकवताना 'निसर्गाने वजन वाचवले' असे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते बोलण्यापूर्वी दोन विरुद्ध उदाहरणे आठवून पाहावीत.

हाताचे डावे-उजवे

डावे-उजवे म्हटल्यावर आपल्याला प्रथम हात आठवतो. हे डावे-उजवेपण अंडाशयापेक्षा वेगळ्या प्रकारचे आहे, हा फरक विद्यार्थ्यांना स्पष्ट करून द्यावा. प्लॅटिपसच्या जातीतल्या सर्वच माद्यांचा डावा अंडाशय काम करतो. तो जातीचा गुण आहे. माणसांत मात्र साधारण दहातला एक डावखुरा असतो आणि बाकीचे उजवे. म्हणजे एकाच जातीत दोन्ही प्रकार नांदतात.

हाताचा असा कल फक्त माणसात आणि त्याच्या जवळच्या नातेवाईकांत असतो, असे पूर्वी मानले जाई. २०१५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या रानात कांगारूंचे निरीक्षण करून दाखवले, की लाल कांगारू आणि पूर्वेकडचा करडा कांगारू चरताना आणि अंग खाजवताना डावा पुढचा पाय जास्त वापरतात. चार पायांवर चालणाऱ्या पिशवीधारी प्राण्यांत असा सर्वसाधारण कल आढळला नाही. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मोठा पूल कांगारूंना नसतो, तरीही कल आहे, हे विशेष. तो पूल मोनोट्रीमांनाही नसतो. पण प्लॅटिपस पोहताना पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने वल्ह्यासारखे मारतो आणि भक्ष्य पकडतो ते चोचीने. एका हाताने धरण्या-उचलण्याचे काम त्याला पडतच नाही. म्हणून 'तू डावखुरा की उजवा?' हा प्रश्न त्याला विचारायचा तर हातापेक्षा अंडाशयालाच विचारावा लागतो.

यातून शिक्षकांनी घेण्यासारखा एक बोध आहे. डावीकडे किंवा उजवीकडे झुकणे हा शरीरातला दोष नसून शरीररचनेचा जुना धर्म आहे. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाची पेन्सिल काढून उजव्या हातात देण्याचा प्रकार अजूनही कुठेकुठे चालतो. त्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

वर्गात काय करता येईल?

या विषयासाठी कोंबडी मुद्दाम मारण्याची मुळीच गरज नाही. घरी किंवा दुकानात अंड्यावरची कोंबडी कापली जात असेल, तेव्हा मुलांनी पाहून नोंद करावी : बलकांचा घोस कोणत्या बाजूला होता? उजवीकडे काही दिसले काय? इथे एक गफलत हमखास होते. कोंबडी उताणी ठेवली असेल आणि आपण तिच्याकडे तोंड करून पाहत असू, तर तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. म्हणून डावे-उजवे नेहमी प्राण्याचे सांगायचे, पाहणाऱ्याचे नाही, हा नियम आधी ठरवून घ्यावा. एका वर्गातली तीस मुले वर्षभरात प्रत्येकी दोन नोंदी करू शकली तरी साठ नोंदी होतील. सगळ्या नोंदी डाव्या निघाल्या तर उत्तम. एखादी उजवी निघाली, तर ती खोडून न टाकता वेगळी लिहून ठेवावी आणि तीच आधी तपासावी.

मुलांनी घरातल्या आजी-आजोबांनाही विचारावे : कोणता साप अंडी घालतो, कोणता पिल्ले देतो? खवले मांजराला पिल्ले किती होतात? कोंबडी आरवलेली कोणी पाहिली आहे काय, आणि पुढे तिचे काय झाले? उत्तरांत काही चुका असतील, काही समजुती असतील आणि काही पक्की माहितीही असेल. त्यांची छाननी करणे हाच अभ्यास. न्यू गिनी बेटावरचा एक लांब चोचीचा एकिडना शास्त्रज्ञांना १९६१ च्या एकाच नमुन्यावरून माहीत होता. २०२३ मध्ये तो कॅमेऱ्यात टिपला गेला, तो तिथल्या गावकऱ्यांच्या सहकार्यामुळेच. १८२२ मध्ये कूकूगाँगची साक्ष बाजूला पडली तशी ती यावेळी पडली नाही. आपल्या वर्गातल्या वाडी-वस्तीवरच्या मुलाने 'आमच्याकडे असे असते, मी पाहिले आहे' असे सांगितले, तर पाठ्यपुस्तकात नाही म्हणून त्याला खाली बसवू नये. 'केव्हा पाहिलेस, किती वेळा पाहिलेस, कोणत्या बाजूला होते?' असे विचारावे आणि त्याचे उत्तर फळ्यावर लिहून घ्यावे.